ताम्हिणीत चालेल अशी सिस्टिम

टेबलावर सहा लॅपटॉप उघडे होते आणि सहाही पडद्यांवर ठिपक्यांचं चक्र फिरत होतं.

"किती वेळ झाला?" डॉ. पेंढारकरांनी विचारलं.

"पस्तीस मिनिटं."

"आणि हे करतायत काय?"

"अपडेट. स्वतःच्या दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरवून घेतायत."

"एवढ्या वेळात मी एक सिझेरियन उरकतो," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला की ते चष्मा काढतात, हे मला पुढे कळलं.

पौडला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे. डॉ. पेंढारकर त्याचे प्रमुख. मी त्यांची नोकर नाही. बावीस वर्षं हिंजवडीतल्या एका कंपनीत सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळलं, मग नोकरी सोडली आणि पिरंगुटला स्वतःचं काम सुरू केलं. लहान ऑफिसं, शाळा, दवाखाने यांचे कॉम्प्युटर चालते ठेवायचे, एवढंच काम. मूळची मी लातूरकडची. मुळशी तालुक्यात बरीच वर्षं काढली, पण तोवर मी बहुतेक हमरस्त्यालगतच फिरले होते.

लॅपटॉप एकूण तीस. आयटी पार्कमधल्या एका कंपनीने ट्रस्टला भेट दिलेले. अकरा इंची पडदा, वजनाला हलके, किमतीला स्वस्त. अशा मशिनमध्ये दोन गोष्टी कमी असतात. एक रॅम. रॅम म्हणजे एका वेळी काम पसरायची जागा, स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. दुसरं स्टोरेज, म्हणजे सामान ठेवायचं कपाट. ह्या लॅपटॉपचा ओटा अरुंद होता, आणि कपाट लहान असून भिंतीत पक्कं बसवलेलं. मोठं करायची सोय नाही. त्यात आलेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकी सगळ्या प्रोग्रामना कामाला लावणारा मूळ प्रोग्राम, मोठ्या मशिनसाठी बनलेली होती. तिनेच निम्म्याहून जास्त कपाट भरून टाकलं होतं. मशिन वाईट नव्हतं, सिस्टिमही वाईट नव्हती. जोडी चुकली होती.

"हे कोण वापरणार आहे?" मी विचारलं.

"आमच्या सेविका. अठ्ठावीस जणी आहेत. वाड्यावस्त्यांवर जाऊन गरोदर बायका तपासतात. वजन, ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन. ती माहिती माझ्यापर्यंत आली पाहिजे, म्हणजे कुणाला बाळंतपणाआधीच खाली आणून ठेवायचं हे मी ठरवतो."

"आत्ता कशी येते?"

"वहीतून. महिन्यातून एकदा. मागच्या पावसाळ्यात एक वही उशिरा आली. ताम्हिणी घाटाकडची केस होती. बाई वाचली, बाळ गेलं. वहीत तिन्ही भेटींचं ब्लडप्रेशर नीट लिहिलेलं होतं, चढत चढत गेलेलं. मी ते पाहिलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं."

एप्रिल अर्धा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "जूनच्या आत हे लॅपटॉप त्यांच्या हातात पाहिजेत. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. त्यावेळी मला खरंच तसं वाटत होतं. अशी कामं मी शेकड्याने केली होती.

*

लॅपटॉप देणाऱ्या कंपनीतर्फे निखिल वानखेडे हे काम बघायचे. माणूस अमरावतीचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं. लवळ्याच्या एका कॉलेज कॅम्पसमध्ये त्यांनी हॉल घेतला, डॉक्टरांना आणि मला बोलावलं आणि भिंतीवर पडदा लावून दाखवलं.

ही वेगळीच सिस्टिम होती. तिच्यात ब्राउझर सोडून जवळपास काहीच नाही. सगळं काम इंटरनेटवर. लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. निखिलनी बटण दाबलं, आठ सेकंदांत पडदा तयार. ट्रस्टचा तपासणीचा फॉर्म उघडला, भरला, आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर तो तिथल्या तिथे दिसला.

डॉक्टरांनी चष्मा घातला. "हेच पाहिजे."

"आणि मॅडम, मेंटेनन्स झीरो," निखिल मला म्हणाले. "मी ऑफिसात बसून तीसही मशिन कंट्रोल करू शकतो. एखादं हरवलं तर इथून लॉक."

मला सिस्टिम आवडली होती. खोटं कशाला बोलू. पण मी विचारलं, "नेट नसेल तर?"

"मॅडम, आजकाल नेट कुठे नसतं?"

"ताम्हिणीत."

ते हसले. "थोडंफार तर असेलच ना."

"मग उद्या तिथेच बघू. तुम्हीही चला."

निखिल आले, ही त्यांची मोठीच गोष्ट. पुष्कळ लोक येत नाहीत. घाटाच्या अलीकडे रस्त्यावर एका ढाब्याशी आम्ही थांबलो. तिथे ट्रस्टच्या सेविका लक्ष्मीताई शेडगे आमची वाट बघत उभ्या होत्या. ताम्हिणीच्या आसपासच्या सात वस्त्या त्यांच्याकडे. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, खांद्याला निळी पिशवी.

मी त्यांना विचारलं, "लक्ष्मीताई, इथं रेंज कुठं येते?"

"त्या ढाब्याच्या मागं कातळ हाय न्हवं, त्याच्यावर उभं ऱ्हायलं की दोन काड्या येत्यात. पावसाळ्यात त्याबी न्हाईत."

"आणि वस्त्यांवर?"

"तितं काय येतंय मॅडम. तितं लाइटच आठ दिवसांतनं चार दिवस असती."

निखिलनी लॅपटॉप उघडला. आठ सेकंदांत पडदा आला. फॉर्म मात्र आला नाही, कारण तो राहायलाच इंटरनेटवर होता. ते कातळावर चढले. तिथे फॉर्म अर्धा उघडला आणि अडकला. खाली उतरून त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मॅडम, माझं सोल्युशन लवळ्याला बरोबर आहे," ते म्हणाले. "इथे नाही."

इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी आमच्या धंद्यात फार कमी पाहिलाय. ढाब्यावर चहा घेतानाच त्यांनी पुढचा प्रश्न काढला. लॅपटॉपबरोबर आलेली सिस्टिम काढून दुसरी टाकली तर वॉरंटीचं काय? मी म्हटलं, विकणाऱ्याकडून लेखी घ्या. चार दिवसांत त्यांनी ते आणून दिलं: मशिनच्या भागांची वॉरंटी राहील, सिस्टिमचं मात्र तुमचं तुम्ही बघायचं. म्हणजे मी बघायचं.

*

माझ्या डोक्यात लिनक्स होतं. लिनक्स ही कुणा एका कंपनीची सिस्टिम नाही. जगभरचे लोक मिळून ती बनवतात, कुणीही घ्यावी, आपल्याला हवी तशी जुळवावी. त्यामुळे तिच्या शेकडो आवृत्त्या आहेत. काही भल्यामोठ्या, काही अगदी हलक्या. शिवाय पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. लॅपटॉपमधलं काहीही न पुसता कळतं की पडदा, आवाज, वायफाय, कीबोर्ड सगळं चालतंय की नाही.

मी एका आठवड्यात पाच आवृत्त्या चालवून बघितल्या आणि सगळ्यात हलकी निवडली. नाव सांगत नाही, उगाच भांडणं लागतात. चालू झाल्यावर ती ओट्याचा इतका छोटा कोपरा घ्यायची की मी तो आकडा परत परत बघत बसायचे. आमच्या लोकांना अशा आकड्यांचा मोह असतो. सुटसुटीत, काळा पडदा, एका बाजूला बारीक अक्षरांचा मेनू. मला ती फार सुंदर वाटली.

फॉर्मही मी नव्याने बांधला. आता तो लॅपटॉपच्या आतच राहणार होता. इंटरनेट नसताना भरायचा, आणि रेंज मिळेल तेव्हा किंवा पौडच्या मीटिंगला आल्यावर डॉक्टरांकडे पाठवायचा.

दोन लॅपटॉप तयार केले. एक लक्ष्मीताईंना दिला, दुसरा रिहे गावच्या सेविका शोभाताईंना. "आठ दिवस वापरा," म्हणाले, "मग मी येते."

आठ दिवसांनी आधी रिह्याला गेले. शोभाताईंनी लॅपटॉप भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. "चांगला हाय," त्या म्हणाल्या. किती भेटी भरल्या ते मी उघडून बघितलं. दोन. मनात म्हटलं, सवय नाही, होईल.

ताम्हिणीला लक्ष्मीताईंच्या घरी पोचले. त्यांनी चहा टाकला. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला. त्यात एकच भेट भरलेली होती, तीही अर्धी.

"लक्ष्मीताई, काय अडचण आली?"

"न्हाई, चांगला हाय की."

"चांगला आहे तर पेटीत का?"

त्यांनी कपात चहा ओतला, बशी पुढे सरकवली आणि मग बोलल्या. "मॅडम, खरं सांगू का? तुमाला चांगला हाय. मला न्हाई."

"म्हणजे?"

"अक्षरं मुंगीएवढी. मला चष्मा हाय तरी दिसंना. मराठी लिवायला गेले तर चौकोन यायला लागले. आन झाकण लावून पिशवीत टाकला, वर वस्तीवर जाईस्तवर तापून लाल. उघडला तर बॅटरी खलास. दोन डाव झालं तसं. मग म्हनलं, वही बरी."

"मला फोन का नाही केलात?"

"तुमी एवढं करताय आमच्यासाठी. वाईट वाटंल म्हनून गप बसले."

मला वाईट वाटलंच. बावीस वर्षं मी सर्व्हर निवडले होते, आणि सर्व्हर कुणी पिशवीत घालून डोंगर चढत नाही. मी लॅपटॉपकडे बघून सिस्टिम निवडली होती. ढाब्याशी ह्याच बाईसमोर उभी राहून मी रेंज विचारली, पण तुम्ही काम कसं करता हे विचारलं नव्हतं.

"उद्या वस्तीवर जाणार आहात?" मी विचारलं.

"व्हय. सकाळी सातला."

"मी येते तुमच्याबरोबर."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही चार घरं केली. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे शाळाच होती.

पहिली गोष्ट कळली ती चढण. पाऊण तास. माझा श्वास दोनदा संपला, त्या मात्र बोलत बोलत चालत होत्या. दुसरी गोष्ट: घरात टेबल नसतं. लॅपटॉप कधी धान्याच्या कणगीवर, कधी मांडीवर. एका हाताने ब्लडप्रेशरचा पट्टा धरायचा, दुसऱ्याने लिहायचं. तिसरी: एका घरात पंधरा मिनिटं. त्यात घरची माणसं बोलणार, मधेच सासू काही विचारणार, कोंबडी आत येणार. सेविका फॉर्म अर्धवट सोडते, झाकण मिटते, पुन्हा उघडते. दिवसातून वीसेक वेळा.

आणि चौथी गोष्ट मला उतरताना कळली. एका वळणावर त्या थांबल्या, खालच्या रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हितं झटके आले तिला."

मागच्या पावसाळ्यात जिचं ब्लडप्रेशर चढत गेलं होतं, तिच्याबद्दल बोलतायत हे मला लगेच कळलं.

"जीपमधी होतो आमी. मी मांडीवर डोकं घेतलं होतं तिचं. डॉक्टरसायेब म्हनले तुमची चूक न्हाई. वहीत सगळं लिवलं होतं मी. पर मॅडम, लिवत मी होते न्हवं? दर पंधरा दिसांनी पान उलटून नवा आकडा लिवत होते. मागचा आकडा मागच्या पानावर. तिन्ही एका जागी बघितलेच न्हाईत मी."

त्या रडल्या नाहीत. पिशवीचा पट्टा नीट केला आणि चालायला लागल्या. मी मागून चालत होते. काय करायला हवं ते आता स्पष्ट दिसत होतं.

*

पिरंगुटला परत येऊन मी ती सुंदर हलकी सिस्टिम पुसून टाकली.

दुसरी घेतली. थोडी जड, पण ह्या मशिनला सहज पेलणारी. तिच्यात मराठी अक्षरं नीट उमटत होती, जोडाक्षरांसकट. कीबोर्डवर मोबाइलसारखं लिहिता येत होतं: इंग्रजी अक्षरांत नाव टाइप करा, मराठी उमटतं. सगळ्या सेविका फोनवर तसंच लिहितात, मग नवं काही शिकवायचं कारण नाही. अक्षरं मोठी केली. मेनू काढून टाकला. पडद्यावर फक्त तीन मोठी बटणं ठेवली: नवी भेट, जुन्या भेटी, पाठवा.

तापण्याचा प्रश्न अवघड होता. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, म्हणजे जागच्या जागी थांबून अगदी थोडी वीज खातो. हे मशिन लिनक्सवर नीट झोपतच नव्हतं. झाकण बंद, आत काम चालू. मी दोन दिवस त्यावर घालवले. मग सुचलं की ह्याला झोपवायचंच कशाला? नवी सिस्टिम वीस-बावीस सेकंदांत चालू होत होती. झाकण मिटलं की लॅपटॉप पूर्ण बंद, असं करून टाकलं. आणि फॉर्ममध्ये एकेक रकाना भरला की तो तेव्हाच साठवला जाईल अशी सोय केली, म्हणजे अर्धवट सोडलेलं काम जात नाही. एखादा इंजिनिअर ह्या उपायाला नाक मुरडेल. मीही आधी मुरडलं असतं.

अपडेट आपोआप होणं बंद केलं. महिन्याच्या मीटिंगला लॅपटॉप पौडला येतील, तेव्हा ते मी स्वतः करणार.

शेवटची गोष्ट फॉर्ममध्ये. एका बाईचे सगळे आकडे एकाच पडद्यावर, एकाखाली एक. डॉक्टरांना विचारून मर्यादा ठरवली. ब्लडप्रेशर एकशेचाळीस-नव्वदला पोचलं की ती ओळ लाल. नेट असो नसो, लॅपटॉप तिथेच दाखवेल.

डॉक्टरांना सगळं आवडलं, पण दोन शंका होत्या.

"माहिती बायकांची आहे. लॅपटॉप कुठे पडला, हरवला तर?"

"आतलं सगळं कुलूपबंद आहे. पासवर्डशिवाय उघडणार नाही."

"बरं. आणि रिहे, लवळे, ह्या बाजूला नेट चांगलं आहे. तिथे निखिलचीच सिस्टिम टाकली तर? माझ्यापर्यंत लगेच येईल."

हा प्रश्न रास्त होता. मीही त्यावर विचार केला होता. "डॉक्टर, रजेवर एक सेविका गेली की दुसरीचा भाग कोण बघतं?"

"शेजारची."

"मग तिच्या हातात वेगळाच पडदा येईल. दोन सिस्टिम म्हणजे शिकवायचं दोनदा, बिघडायचं दोन तऱ्हांनी. नेट असलेल्या ठिकाणी ही रोज पाठवेल. नसलेल्या ठिकाणी साठवून ठेवेल. एकच ठेवू."

"नाही चालली तर?"

"तर मला बोलवा. जबाबदारी माझी."

त्यांनी चष्मा काढला नाही, म्हणजे मान्य होतं.

*

मे महिन्याच्या शेवटी पौडच्या हॉलमध्ये दोन दिवस शिकवणी ठेवली. मी बोलायला उभी राहिले आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की अठ्ठावीसही जणी माझ्याकडे आदराने बघतायत आणि एकही ऐकत नाहीये. मी लक्ष्मीताईंना पुढे बोलावलं.

त्या आधी लाजल्या. मग लॅपटॉप टेबलावरून उचलून मांडीवर घेतला, खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये बगा. ह्यो आपला मशिन. ह्याला तीन बटणं हायेत. चौथं काय शोधायचं न्हाई." अर्ध्या तासात सगळ्या त्यांच्याभोवती बसल्या होत्या. मी मागे उभी राहून फक्त चार्जर पुरवत होते.

पासवर्डचा घोळ झाला. मी प्रत्येकीला भक्कम पासवर्ड दिला होता: अक्षरं, आकडे, चिन्हं. दुसऱ्या दिवशी बघते तर आठ-नऊ लॅपटॉपच्या झाकणावर दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पासवर्ड सुवाच्य अक्षरांत लिहिलेला.

"हे काय?" मी शोभाताईंना विचारलं.

"इसरायला नको म्हनून."

मी सगळे पासवर्ड बदलले. प्रत्येकीला सांगितलं, तुमच्या ओळखीची पण दुसऱ्या कुणाला सुचणार नाही अशी तीन नावं एकापुढे एक लावा. शेताचं, म्हशीचं, माहेरच्या विहिरीचं, काहीही. मला सांगू नका. त्यानंतर पावसाळाभर एकीनेही पासवर्ड विसरल्याचा फोन केला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दोन लॅपटॉपमध्ये वायफायचा भाग वेगळ्याच बनावटीचा निघाला आणि तो लिनक्सला ओळखता येईना. त्या दोघी माहिती पेनड्राइव्हवर घालून आणायच्या. एक लॅपटॉप ओढ्यात पडला आणि गेलाच. त्यातल्या भेटी आदल्या दिवशीच पाठवलेल्या होत्या, म्हणून एकाच दिवसाचं काम वाया गेलं. दोन लॅपटॉप जास्तीचे होते, त्यातला एक दिला.

*

जुलैच्या मध्यावर ताम्हिणीत चार दिवस लाइट नव्हती. कातळावरच्या काड्याही गेल्या होत्या. पाचव्या दिवशी रात्री मला डॉक्टरांचा फोन आला. पुढचं बरंचसं मला नंतर लक्ष्मीताईंनी सांगितलं.

सुनीता नावाची एक सून होती वरच्या वस्तीवर, आठवा महिना. लक्ष्मीताई तपासायला गेल्या. लॅपटॉप चार दिवसांपूर्वी चार्ज केलेला. कामापुरता उघडायचा आणि मिटला की पूर्ण बंद, त्यामुळे बॅटरी निम्मी शिल्लक होती. आकडा भरला, एकशेपन्नास-शंभर. ओळ लाल झाली. वर आधीच्या दोन भेटींचे आकडे होते. लाल नव्हते, पण चढत आलेले.

लक्ष्मीताई म्हणाल्या, हिला आजच खाली न्यायचं.

सासूने साफ नाही म्हटलं. "अजून महिना हाय. येवढ्या पावसात कुटं नेतीस पोरीला? डोकंबी दुकत न्हाई तिचं."

"मागच्या साली हे ऐकलं असतं मी," लक्ष्मीताई मला म्हणाल्या. "तवा माझ्याकडं दावायला काय नव्हतं. ह्या येळी म्या मशिन त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हनलं, वाचता येत न्हाई तर नका वाचू. ह्ये बघा, ही पयली, ही दुसरी, ही आजची. ही लाल का झाली ते इचारा मला."

सासूने बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग बोट ठेवून विचारलं, "ह्ये नाव सुनीताचं हाय?"

"तिचंच."

"आन लाल म्हंजी?"

"म्हंजी आजच न्यायची."

गावातल्या एकाची जीप होती. दरड बाजूला करायला तास गेला. संध्याकाळच्या आत सुनीता पौडला भरती झाली. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, दहा दिवस ठेवून घेतलं आणि मग सिझेरियन केलं. मुलगी झाली. वजन कमी होतं, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता दोघीही घरी आहेत.

त्या दिवशीचा डॉक्टरांचा फोन छोटाच होता. "सूर्यवंशी मॅडम, एक लाल ओळ स्वतःच्या पायांनी चालत आलीय माझ्याकडे. वेळेत."

"पेशंट कशी आहे?"

"आत्ता बरी आहे. तुम्हाला कळवावं म्हटलं."

आमच्या कामात असं कुणी कळवत नाही. कॉम्प्युटर नीट चालत असला की आमची आठवण कुणाला येत नाही, आणि ते बरोबरच आहे. हेही माझं काम नव्हतं म्हणा. डोंगर लक्ष्मीताई चढल्या, सासूला त्यांनी पटवलं. मी फक्त मशिन त्यांच्या आड येणार नाही एवढं बघितलं होतं. तेवढंही पहिल्या वेळी मला जमलं नव्हतं, हे मी विसरलेली नाही.

पावसाळा संपल्यावर निखिलचा फोन आला. त्यांच्या कंपनीत ह्या कामाचं कौतुक झालं होतं. आता दुसऱ्या एका तालुक्यात पन्नास लॅपटॉप द्यायचे ठरले होते.

"मॅडम, तुमची सिस्टिम तयारच आहे. त्याचीच कॉपी पन्नास मशिनवर टाकून द्या ना. दोन दिवसांचं काम."

"वापरणार कोण आहे?"

"ते अजून फायनल नाही."

"मग सिस्टिमही फायनल नाही," मी म्हणाले. "माणसं ठरली की कळवा. आधी मी त्यांच्याबरोबर एक दिवस फिरेन."